नासलं, आंबलं की सडलं?

शनिवारी सकाळी मसूरहून आमच्याकडं दुधाची किटली येते. सासरच्या दोन म्हशी तिकडं, आम्ही नोकरीमुळं कराडात. दीर कामाला येताना मोटरसायकलला किटली अडकवून आणतात. थंडीच्या दिवसांत यात काही अडचण नसते. पण मे महिन्यात म्हशीच्या अंगाच्या उबेचं दूध, वर रस्त्याचं ऊन, आणि त्यात दीर वाटेत कुणाशी बोलत थांबले की झालंच. गेल्या उन्हाळ्यात असंच झालं. पातेलं गॅसवर चढवलं, कडेला आधी रव्यासारखे कण दिसले आणि बघता बघता पांढरे गोळे वर, हिरवट पाणी खाली. चार लिटर दूध.

शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "ओता मोरीत. पोरांच्या पोटात जायला नको." आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पंख्याखाली लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आंबट हाय का कडू?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. आम्ल, आम्लारी, लिटमस वगैरे दरवर्षी फळ्यावर काढते. तरी दूध फुटल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा असतो हे मला सुचलं नव्हतं. नंतर विचार करत गेले तसं लक्षात आलं की फुटलेल्या दुधाचं काय करायचं याचं जवळजवळ सगळं उत्तर त्या चार शब्दांत आहे. फक्त ते उलगडायला थोडं दुधाच्या आत शिरावं लागतं.

दूध बहुतांशी पाणीच असतं. गाईच्या दुधात शंभरातले ८७ भाग पाणी, म्हशीच्या दुधात ८२-८३. उरलेल्यात स्निग्धांश, म्हणजे डेअरीवाल्यांच्या भाषेत फॅट, गाईला साडेतीन-चार आणि म्हशीला सहा ते आठ टक्के. दुधाची स्वतःची साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती साडेचार-पाच टक्के. आणि प्रथिनं. या प्रथिनांतला पाचातला चार हिस्सा एकट्या केसीनचा. आपली सगळी गोष्ट या केसीनची आहे.

केसीनचे रेणू दुधात सुटे फिरत नाहीत. हजारोंच्या संख्येनं एकत्र येऊन त्यांचे गोळे बनलेले असतात आणि कॅल्शियम-फॉस्फेट हा त्या गोळ्यांना आतून धरून ठेवणारा चुना. गोळे इतके बारीक की एका मिलिमीटरवर पाच-सहा हजार ओळीनं मांडता येतील. त्यांच्यावर उजेड आदळून विखुरतो, म्हणून दूध पांढरं दिसतं. प्रत्येक गोळ्याच्या अंगावर बारीक लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. चुंबकाची सारखी टोकं जवळ आणली तर ती एकमेकांना लोटतात ना, तसे हे गोळे एकमेकांना दूर ठेवतात. एस.टी.त अंग चोरून बसलेल्या अनोळखी माणसांसारखे. जोवर हे अंतर आहे तोवर दूध दूध राहतं.

आता कच्च्या दुधात जिवाणू असतातच. कासेवरून, हातावरून, वैरणीच्या धुळीतून, किटलीच्या झाकणाच्या खाचेतून ते येतात. त्यातल्या एका मोठ्या जमातीला लॅक्टोज आवडतं. ते साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आम्ल वाढलं की त्या लवेवरचा भार पुसला जातो, आतला कॅल्शियमचा चुनाही विरघळून बाहेर पडायला लागतो. अंग चोरून बसलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडतात. गोळे चिकटतात. हेच दूध फुटणं.

इथं एक गंमत आहे, तीच आपल्याला नेहमी फसवते. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ ते ६.८ असतो. थंड दूध आपलं आपण गोठायला तो ४.६ च्या आसपास उतरावा लागतो, इतका की जिभेला चांगलंच आंबट लागतं. पण दूध उकळायला लागलं की एवढी वाट बघावी लागत नाही. सामू सहाच्या आसपास आला तरी ते फुटतं. उष्णतेनं गोळे जोरजोरात एकमेकांवर आदळतात आणि उरलासुरला भार त्यांना आवरू शकत नाही. म्हणून "कच्चं बघितलं तेव्हा चांगलं होतं, तापवल्यावरच नासलं" असं आपण म्हणतो. चांगलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर होतं, गॅसनं उरलेली वाट संपवली.

डेअरीच्या संकलन केंद्रावर हीच तपासणी करतात. परीक्षानळीत पाचेक मिलिलिटर दूध घ्यायचं, उकळत्या पाण्यात धरायचं, कण दिसले तर किटली परत. तिला सीओबी (क्लॉट ऑन बॉइलिंग) म्हणतात. दूधवाल्यांच्या घरात वाढलेल्या पोराला हे तीन अक्षरी संकट फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) यांच्याइतकंच पाठ असतं.

मग दही का फुटत नाही, गोठतं? आम्ल तेच, जिवाणूही त्याच गोतातले. फरक वेळेचा आणि शांततेचा. विरजलेलं दूध कोमट असतं, हलत नाही, आम्ल तासातासानं वाढतं, त्यामुळं केसीनचे गोळे घाईघाईनं गठ्ठे न करता हात धरून जाळं विणतात आणि पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. शिवाय आपण दूध आधी तापवलेलं असतं. त्या तापण्यात दुसऱ्या जातीची प्रथिनं, जी एरवी पाण्यात विरघळून असतात, केसीनला येऊन बिलगतात आणि जाळं दाट होतं. कच्च्या दुधाचं दही पाणी सोडतं आणि तापवलेल्या दुधाचं कवडीसारखं लागतं, ते यामुळं.

आत्याच्या प्रश्नाकडं परत येते. दूध आंबट लागतंय म्हणजे लॅक्टोज खाणारी जमात जिंकली आहे. हे त्यातल्या त्यात बरं, कारण त्यांनी केलेलं आम्ल इतर पुष्कळ जिवाणूंना मानवत नाही. पण दुधात दुसऱ्याही जमाती असतात. त्या साखरेच्या वाटेला जात नाहीत, प्रथिनं आणि फॅट कुरतडतात. प्रथिनं तुटली की कडवटपणा येतो, फॅट तुटली की खवट, साबणासारखा वास. आणि यांतल्या काहींना थंडी चालते. फ्रिजमध्ये लॅक्टिकवाले गारठून बसतात, हे मात्र हळूहळू आपलं काम करत राहतात. म्हणून कच्चं दूध फ्रिजात पाच-सहा दिवस विसरलं तर ते धड आंबत नाही, सडतं.

पिशवीच्या दुधाचंही असंच. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरतात. रोगजंतू मरतात, सोबत आंबवणारेही बहुतेक मरतात. मागं उरतात ते उष्णता सोसणारे किंवा नंतर कुठून तरी शिरलेले. जुनी आजीची पद्धत पिशवीच्या दुधाला लावून "आंबलंय, चालतंय" म्हणण्यात म्हणूनच धोका आहे. ते आंबलेलं नसतं, सडलेलं असतं. विरजण घालून तुम्ही स्वतः आंबवलंत तर गोष्ट वेगळी.

तिसरा प्रकार त्याहून फसवा: आंबट मुळीच लागत नाही, तरी तापवताना फुटतं. एक साधं कारण चीक. म्हैस व्यायल्यावर पहिल्या दिवसांच्या दुधात वासराला रोगांपासून जपणारी प्रथिनं भरमसाट असतात, ती तापली की आपोआप थिजतात; त्याचाच आपण खरवस करतो. आठवडाभर त्याचा थोडा अंश दुधात राहतो आणि नवख्या सुनेला वाटतं दूध नासलं. दुसरं कारण दगडी. कासेचा हा आजार झालेल्या जनावराचं दूध काढल्या काढल्या तापवलं तरी फुटू शकतं, चवीला खारट लागतं. ते अजिबात वापरायचं नाही. तिसरं कारण असे काही जिवाणू, की जे आम्ल न करता थेट केसीनच कातरतात. त्यामुळं आंबट न लागता फुटलेलं दूध, आणि म्हैस नुकती व्यायलेली नाही, अशी वेळ असेल तर माझा कौल सरळ मोरीचा.

(आल्याच्या चहाचं मात्र भूत नका करू. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं पाचक द्रव्य असतं, दूध आधी आणि आलं मागून घातलं तर चहा फुटतो. आलं पाण्यात आधी उकळलं की ते द्रव्य मरतं. गुळाच्या चहाचं कारण गुळातलं आम्ल आणि क्षार. गॅस बंद करून मग गूळ घातला की बहुतेक वेळा निभतं.)

वास, चव यांवर सगळं सोडता येत नाही, हेही सांगायला हवं. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेला यांसारखे आजार येतात आणि उकळल्यानं ते जंतू मरतात, म्हणून आपल्याकडं दूध तापवल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही, ते बरोबरच आहे. आंबलेलं कच्चं दूधही न शिजवता खायचं नाही. पण एक जिवाणू असा आहे की तो मेला तरी त्यानं सोडलेलं विष उकळून जात नाही. स्टॅफिलोकॉकस त्याचं नाव. कासेच्या आजारात आणि माणसाच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेत तो असतो. दूध बराच वेळ उबेत राहिलं तर त्याला विष करायला सवड मिळते, आणि ते विष वासाला कळत नाही. म्हणून दूध किती आंबलं याच्या बरोबरीनं किती वेळ बाहेर होतं हे विचारायचं. सकाळी काढलेलं दूध दोन-तीन तासांत प्रवासात फुटलं, इतिहास ठाऊक आहे, भांडं आपलं आहे, तर मी ते शिजवून वापरते. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेलं दूध सकाळी आंबट लागलं, तर नाही वापरत. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर पहिल्या बाबतीतही त्यांच्या ताटात नाही.

आमचं चार लिटर आंबट होतं. कडू नव्हतं. सकाळी साडेसहाला काढलेलं, नऊला फुटलं. तर ते राहिलं.

आता करायचं काय, हे किती फुटलंय त्यावर. दोन अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत दूध जेमतेम फुटलेलं असतं: बारीक रवा दिसतो, पाणी अजून दुधाळ, चव घेतली तर आंबटपणा असून नसल्यासारखा. या दुधाचं पनीर करण्यात मजा नाही. याचा दाणेदार खवा करायचा. खव्याचे हलवाई तीन प्रकार मानतात: घट्ट गुळगुळीत पिंडी, मऊ ओलसर धाप आणि रवाळ दाणेदार. तिसऱ्यासाठी ते चांगल्या दुधात मुद्दाम चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकतात. कलाकंदाचा दाणा असाच येतो. आपल्या दुधात ते काम जिवाणूंनी फुकट केलेलं असतं. जाड बुडाच्या कढईत ठेवायचं, आच मध्यम, कडेचं खरवडत राहायचं. म्हशीच्या लिटरभर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा बसतो, म्हणजे दूध पाचाचं एक होतं. इथंच सावध राहायचं: पाणी उडतं, आम्ल उडत नाही. लिटरभर दुधातला आंबटपणा पावशेरात गोळा होतो. कच्च्या दुधात जो जिभेला जाणवलाही नव्हता तो वडीत डोकं वर काढतो. म्हणून जरा जरी ठळक आंबट लागलं तरी हा मार्ग सोडून द्यायचा.

आणि साताऱ्याच्या माणसाला कंदी पेढ्याची आठवण होणारच, म्हणून सांगते: नासक्या दुधाचा कंदी पेढा होत नाही. मी करून बघितला आहे. त्याला गुळगुळीत खवा लागतो, तो पुन्हा तांबूस होईपर्यंत भाजावा लागतो. रवाळ खव्याचा दाणा भाजताना कडक होतो आणि पेढा दाताखाली वाळूसारखा येतो. घरच्यांनी खाल्ला. दुसऱ्यांदा मागितला नाही.

दुसरी अवस्था आमच्या चार लिटरची: गोळे वेगळे, पाणी वेगळं, चव नीट आंबट. इथं अर्धवट सोडायचं नाही. एक उकळी येऊ द्यायची, पाणी अजून गढूळ दिसत असेल तर लिंबाचा रस थोडा थोडा घालत ते हिरवट आणि नितळ होईपर्यंत थांबायचं. नितळ झालं म्हणजे सगळं केसीन बाहेर आलं. मग पातळ फडक्यात ओतायचं आणि वरून दोन-तीन तांबे गार पाणी. हे धुणं टाळू नका. आंबटपणा बराचसा त्या पाण्याबरोबर निघून जातो.

जो गोळा हाती येतो तो बाजारच्या पनीरसारखा चौकोनी कापता येत नाही, कितीही दाबून ठेवा. कारण तेच, चुन्याचं. चांगल्या तापत्या दुधात एकदम लिंबू पिळलं की कॅल्शियमचा बराच भाग गोळ्यांत अडकून राहतो आणि पनीर लवचिक होतं. आपलं दूध तासन्‌तास हळूहळू आंबत होतं, चुना झिरपून गेला, भिंत भुसभुशीत. हे माहीत असलं की मटार पनीरचा हट्ट धरत नाही. कुस्करलेलाच चांगला लागतो असे पदार्थ करायचे: कांदा, हिरवी मिरची, हळद घालून भुर्जी, पराठ्याचं सारण, धपाट्याच्या पिठात मळून.

पण आमच्याकडं वडीच होते. धुतलेला, नीट निथळलेला छेना, म्हणजे फडक्यातला हाच गोळा, तळहातानं परातीत मळायचा, दाणे मोडेपर्यंत. जितका छेना, त्याच्या निम्मी साखर. चमचाभर तुपावर छेना आधी कोरडा परतायचा, पाणी सुटायचं थांबलं की मगच साखर. साखर आधी घातली की पाकात छेना शिजून रबरासारखा होतो. वाटीभर साईचं दूध किंवा दूध पावडर घातली तर वडी बांधून येते. गोळा कढईची कड सोडायला लागला की उतरायचं, जायफळ किसायचं, तूप लावलेल्या ताटलीत थापायचं. वेलदोड्यापेक्षा जायफळ. उरलेला आंबूस वास असलाच तर जायफळाखाली झाकतो, वेलदोडा त्याच्याशी भांडतो. हे माझं मत. आत्या दोन्ही घालतात.

भांड्याबद्दल एक. आंबलेलं दूध, ताक, निवळी (फुटलेल्या दुधाचं पाणी), यांतलं काहीही कल्हई गेलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही, शिजवायचं नाही. आम्लात तांबं उतरतं आणि ओकाऱ्या होतात. जुन्या घरांत कल्हईवाल्याची वाट बघायचे ती हौस नव्हती. ॲल्युमिनियमही टाळलेलं बरं. स्टील घ्या.

निवळीकडं कोणी लक्ष देत नाही, मला तीच जास्त आवडते. फडक्यातून गळालेलं ते हिरवट-पिवळं पाणी. रंग बी-गटातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. त्यात लॅक्टोज जवळजवळ सगळं उरलेलं असतं, थोडी प्रथिनं, आणि केसीनमधून सुटलेलं कॅल्शियम. दोन लिटरमागं दीड लिटर तरी निघते, ओतून कशी द्यायची? चपातीची कणीक भिजवली तर चपाती मऊ होते आणि लवकर तांबूस डाग धरते, कारण दुधाची साखर आणि प्रथिनं तव्यावर भाजली जातात. शाळूच्या भाकरीला उकळीच्या पाण्याऐवजी अर्धी निवळी, अर्धं पाणी. सगळी निवळी घेतली तर पीठ आंबूस लागतं. आमटीत कोकम-चिंचेच्या जागी चालते. कढी करायची तर बेसन नेहमीपेक्षा जरा सढळ, कारण निवळीला स्वतःचं अंग नसतं. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढं नाही.

आणि आंबट झालेलं पण अजून न तापवलेलं दूध थोडंसंच असेल, वाटी-दोन वाट्या, तर त्याचे गुलगुले. कणीक, किसलेला गूळ, ते दूध, वाटीला पाव चमचा खायचा सोडा. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीठ फुलतं, आम्लही खर्ची पडतं. नुसत्या पाण्यात सोडा घातला तर तो नीट फुलवत नाही, वर तोंडात साबणाची चव सोडतो. म्हणजे इथं दुधाचा दोष हाच गुण. पीठ भिजवल्यावर तासभर ठेवायचं नाही, बुडबुडे निघून जातात. कढईत आतपर्यंत तळलं जातं, त्यामुळं कच्चं राहायची भीती नाही. धिरडी, ढोकळा यांनाही हाच हिशोब.

सोड्यावरून एक वाईट सवय आठवली. नासायला आलेल्या दुधात चिमूटभर सोडा टाकून तापवलं की ते फुटत नाही, हे पुष्कळांना ठाऊक आहे. फुटत नाही हे खरं, पण त्यातला एकही जिवाणू त्यानं कमी होत नाही. फक्त आम्लाची बातमी दाबली जाते. डेअरीला घालायच्या दुधात असं करणं ही भेसळच. घरातही मी करत नाही. फुटणं हा दुधानं दिलेला निरोप आहे, तो मला हवा असतो.

गोठवलेलं दूध

त्या मे महिन्यानंतर दीर म्हणाले, "वैनी, आठवड्याचं एकदम आणतो, फ्रीझरात टाका." टाकलं. पहिल्या वेळी सगळं चुकलं.

पहिली चूक काचेची बरणी. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, दुधात पाणीच जास्त. काठोकाठ भरलेली बरणी सकाळी उभी चिरलेली होती. भांडं कोणतंही घ्या, वर दोन-तीन बोटं जागा सोडायची.

दुसरी चूक जास्त मोठी: दूध न तापवता गोठवलं. लोकांना वाटतं गोठवलं की जंतू मरतात. मरत नाहीत, झोपतात. वितळताना उठतात. शिवाय कच्च्या दुधात लायपेज नावाचं एक पाचक द्रव्य जनावराकडूनच आलेलं असतं, ते फॅट तोडतं. एरवी त्याला फॅटपर्यंत पोचता येत नाही, कारण दुधातला प्रत्येक स्निग्ध थेंब एका पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. गोठताना बर्फाचे सुईसारखे स्फटिक तो पापुद्रा फाडतात. मग लायपेजला रान मोकळं. तीन आठवड्यांनी काढलेलं आमचं दूध खवट वास मारत होतं, ते याच कारणानं. आधी उकळी आणून, गार करून, मग गोठवलं असतं तर लायपेज गॅसवरच संपलं असतं. तेव्हा क्रम असा: तापवा, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा, साय काढून घ्या, मग फ्रीझर. म्हशीच्या दुधाची साय काढणं विशेष महत्त्वाचं, पुढं कळेल.

वितळलेलं दूध बघून बहुतेक जण घाबरतात. पिवळसर दिसतं, वर तुपाचा तवंग, खाली पिठासारखे कण. हे नासणं नव्हे. पापुद्रे फाटल्यामुळं फॅट एकत्र येऊन वर तरंगतं, आणि म्हशीच्या दुधात फॅट दुप्पट, म्हणून तवंगही जाड. कणांची गोष्ट अशी, की बर्फ होतो तो शुद्ध पाण्याचा. साखर, क्षार, कॅल्शियम सगळं उरलेल्या न गोठलेल्या पाण्यात दाटीवाटीनं जमतं आणि त्या दाटीत केसीनचे गोळे एकमेकांना चिकटायला लागतात. पहिल्या आठवड्यात कमी, महिन्याभरानं जास्त. पोरांना हे दाखवायचं असेल तर अर्धवट वितळलेल्या दुधाचा पहिला चमचा आणि शेवटचा चमचा चाखायला द्या. पहिला गोड, दाट, शेवटचा पाणचट. म्हणून वितळवताना पूर्ण वितळू द्यायचं आणि रवीनं घुसळून एकजीव करायचं, मगच ओतून घ्यायचं.

वितळवायचं फ्रिजमध्ये, रात्रभर. घाई असेल तर गोठलेला गोळा थेट जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. ओट्यावर दिवसभर ठेवून नाही. बाहेरची बाजू कोमट होऊन आंबते, तेव्हा आत बर्फच असतो. चहाला हे दूध मला आवडत नाही, तवंग येतो. शेवयांची खीर, गाजर हलवा, खवा, पनीर यांत मात्र फरक कळत नाही. दही लागतं, जरा सैल. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

किती दिवस ठेवायचं? वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश मिळत असतील तर महिनाभर. सिंगल डोअर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथं मी आठवड्याच्या पुढं जात नाही. वीज गेली तर दार उघडायचं नाही. भरलेला फ्रीझर बंद दारानं दीड-दोन दिवस थंडी धरतो, अर्धा रिकामा असेल तर त्याच्या निम्मी. वीज परत आल्यावर दुधात बर्फाचे खडे अजून असतील तर लगेच तापवून वापरायचं. पूर्ण वितळून कोमट झालेलं असेल आणि कधी वितळलं ते सांगता येत नसेल, तर ते गेलं.

जे गेलं ते ओळखायच्या खुणा मी दिरांच्या मुलीला लिहून दिल्या होत्या, त्या अशा: कडू, कुजका किंवा खवट वास, चमच्याला चिकट तार सुटणं, गुलाबी-निळसर झाक, बुरशीचा ठिपका. यातलं एकही दिसलं तर साखर, जायफळ, सोडा, काहीही घालून ते सुधारत नाही. आणखी एक खूण घरच्या गोठ्यापुरती. चांगलं विरजण असूनही दही लागतच नसेल तर आधी विचारा, म्हशीला कसलं इंजेक्शन दिलं होतं का. प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला की विरजणातले जिवाणूच मरतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस होईपर्यंत ते दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको.

आता फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्यावर लेबल असतं. माझ्याकडं शाळेच्या वह्यांची लेबलं उरतात, तीच चिकटवते. नावापुढं आत्या म्हशीचं नाव घालायला सांगतात, इयत्तेच्या जागी तारीख. 'विषय' हा रकाना धाकट्यानं भरला आहे: दूध, उकळलेलं.